खऱ्यासारख्या तारखा

दरवर्षी नववीच्या वर्गात मी एक अख्खा तास '-फाय' या इंग्रजी प्रत्ययाला देतो. पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम एक चौकट मिळाली आहे. सिम्प्लिफाय, प्युरिफाय, व्हेरिफाय अशी चारदोन क्रियापदं, आणि खाली रिकाम्या जागा भरा. पण हा प्रत्यय मी चांगला शिकवतो. आमची शाळा भिवंडीत आहे, मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालतात, आणि खिडक्या लावून घेतल्या तरी खटखट आत येतेच. त्या आवाजावर आवाज चढवून एखादी गोष्ट चाळीस मुलांना ऐकायला लावणं सोपं नाही. '-फाय'च्या तासाला ते जमतं.

मी आधी मूळ सांगतो. लॅटिन भाषेत 'फाकेरे' म्हणून एक धातू होता. अर्थ करणे, घडवणे. शब्दाच्या शेपटीला लागताना तो आखडून 'फिकारे' झाला, फ्रेंच लोकांच्या तोंडी आणखी झिजून 'फिए' झाला, आणि इंग्रजीत येईपर्यंत नुसता 'फाय' उरला. प्युअर म्हणजे शुद्ध, प्युरिफाय म्हणजे शुद्ध करणे. सिम्पल म्हणजे सोपं, सिम्प्लिफाय म्हणजे सोपं करणे. आपण शुद्धीकरण, सुलभीकरण म्हणतो, त्यातलं 'करण' जे काम करतं, तेच.

"सर, म्हणजे मागे 'करणे' लावायचं फक्त?" यंदा पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं.

"जवळजवळ."

"मग लूम चालू करणे, लूमिफाय?"

"लूमिफाय नंतर. आधी गृहपाठिफाय कर."

वर्ग हसला. मागून एकजण ओरडला, "सर, इसका तो रोज पेंडिंगिफाय है!"

हसणं ओसरलं की मी 'फॅक्टरी' हा शब्द फळ्यावर लिहितो. तोही याच घरातला, जिथे वस्तू केल्या जातात ती जागा. ज्यांचे वडील तीन पाळ्यांत लूमवर उभे असतात, त्या मुलांना आपल्या गल्लीतला शब्द रोमहून आलाय हे ऐकून मजा वाटते. 'फॅक्ट'ही त्यातलाच. फॅक्ट म्हणजे मुळात केलेली गोष्ट. आणखी मागे गेलं तर हा 'फाकेरे', इंग्रजीतला साधा 'डू' आणि आपल्या संस्कृतातला 'धा' हे एकाच कुळातले निघतात. 'धा' म्हणजे ठेवणे. 'विधान'मध्ये तो आहे. मग मी बजावतो की शेवटी 'फाय' दिसलं म्हणून प्रत्येक शब्द या घराण्यातला धरू नका. 'डिफाय' म्हणजे झुगारणे, तो विश्वास या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन शब्दावरून आलाय.

शेवटी येतो 'व्हेरिफाय'. 'व्हेरुस' म्हणजे खरं. व्हेरिफाय म्हणजे शब्दशः खरं करणे.

यंदा खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, खरं असेल तर ते आधीच खरं असतं ना? मग त्यात करायचं काय?"

मी उत्तर दिलं. आता त्याचा अर्थ पडताळणे असा आहे, खरं आहे की नाही ते तपासून पाहणे. ती म्हणाली, "मग खोटं निघालं तर?" तेवढ्यात तास संपला. मी डस्टर उचललं आणि बाहेर पडलो. तिला उत्तर द्यायचं राहिलं.

त्याच आठवड्यात एक बाई मला भेटायला शाळेत आली. शिपायानं येऊन सांगितलं, "कोणीतरी 'गुरुजी आहेत का' विचारतंय." शहरातल्या शाळेत मला सगळे सर म्हणतात. गुरुजी म्हणणारी माणसं एकाच ठिकाणची असू शकत होती.

मी नोकरीला लागलो तो जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत. वज्रेश्वरीच्या पुढे, गणेशपुरीच्या अलीकडे डांबरी सडक सोडून आत चालत गेलं की एक आदिवासी पाडा लागतो, तिथे. आमचं घर भिवंडीतलं. वडील कारकून, काका शिक्षक, मोठा भाऊ वकिलाच्या कचेरीत. रोज सकाळी मी भिवंडीहून एसटी पकडायचो आणि संध्याकाळी परत यायचो. पुढे बाहेरून बीए आणि बीएड केलं आणि भिवंडीतल्या या शाळेत आलो. पाड्यावरची सहा वर्षं मी लोकांना सांगताना नेहमी अभिमानानं सांगितली आहेत. जे सांगितलं नाही ते आता लिहितो.

शाळेत मूल दाखल झालं की जनरल रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते. नाव, जात, जन्मतारीख. त्या नोंदीवरून पुढे शाळा सोडल्याचा दाखला मिळतो आणि तो दाखला माणसाला आयुष्यभर चिकटतो. पाड्यावर मुलं घरीच जन्मायची आणि जन्माची नोंद कुठेच नसायची. तेव्हा गुरुजी काय करायचे, तर एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून सहा वर्षं मागचा एक जून. महाराष्ट्रातल्या गावोगावी अशी माणसं आहेत. पन्नाशी-साठीच्या माणसानं आपला वाढदिवस एक जून सांगितला की आपण समजून जातो आणि तोही हसतो. ही थाप उघडी होती, सगळ्यांना ठाऊक होती.

माझ्या आधीच्या गुरुजींनी रजिस्टरभर एक जून लिहून ठेवले होते. माझ्या दुसऱ्या वर्षी तपासणीला विस्तार अधिकारी आले. गोल चेहऱ्याचे, पान खाणारे, बोलायला मोकळे. रजिस्टर चाळून म्हणाले, "काय हो गुरुजी, तुमच्या पाड्यावर बायका सगळ्या मिळून एकाच दिवशी बाळंत होतात का?"

मी ओशाळून हसलो. ते म्हणाले, "जरा व्यवस्थित नोंदी घेत जा. तुम्ही तरुण आहात."

व्यवस्थित नोंदी घ्यायच्या म्हणजे घरोघर जाऊन विचारायचं, असा त्यांचा अर्थ असणार. मी काढलेला अर्थ वेगळा होता. पुढच्या वर्षीपासून मी एक जून लिहिणं सोडलं आणि तारखा तयार करायला लागलो. कुणाला बारा ऑगस्ट, कुणाला तीन डिसेंबर. सुचेनाशा झाल्या की एसटीच्या तिकिटावरचे आकडे बघायचो. शेवटचे दोन आकडे तारखेला, आधीचा एक महिन्याला. एकतीसच्या वर गेले तर पुढचं तिकीट. दुपारी मुलं गेल्यावर टेबलाशी बसून, सुवाच्य अक्षरात, मी अशा नोंदी केल्या आणि पानाखाली लिहिलं, 'पालकांना विचारून पडताळले, बरोबर आहे.' खाली सही. त्या वर्षी विस्तार अधिकारी खूश झाले. "आता कशी शाळा वाटते," म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरोखरच बरं वाटलं होतं.

तर ती बाई. शिक्षकखोलीच्या दाराशी उभी होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायात धुळीच्या चपला.

"गुरुजी, ओलखलात का?"

मला आठवेना. तीच म्हणाली, "माजी थोरली बहीन माजा हात सोडत नव्हती. तुमी दोगींना एकाच पाटावर बसवलेला."

मग आठवलं. माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. थोरली साडेसहा वर्षांची होती आणि शाळेत यायला तयार होती, पण धाकटीला घेऊनच. आई दिवसभर मजुरीला जायची, धाकटीला बघायला कुणी नव्हतं. धाकटी जेमतेम पाचची. तिला घेतलं नसतं तर थोरलीही आली नसती, म्हणून मी दोघींना पहिलीत घेतलं आणि धाकटीचं वय वाढवून सहाच्या वर नेलं. या कृतीचं मी आजही समर्थन करतो. इंग्रजीत त्याला 'जस्टिफाय' म्हणतात, न्याय्य करणे. तेवढ्यापुरतं ते न्याय्यच होतं.

तिला मी खुर्ची दिली. ती टेकली नाही, काठावर बसली. काम काय ते सांगितलं. पाड्यावरच्या अंगणवाडीची सेविका निवृत्त झाली होती, जागेची जाहिरात निघाली होती. बाई पाड्याची किंवा त्याच्या गावची रहिवासी हवी आणि बारावी पास हवी. पाड्यावर अशी ती एकटीच होती. लग्नानंतर दोन मुलांना सांभाळून, भाताच्या लावणीला जाऊन, बाहेरून बारावी झाली होती.

"मग अडलंय कुठे?"

"वय. पस्तीसच्या आत पायजे. दाखल्यावर मी मार्चमदी पस्तीस पुरी झाले."

"आणि खरी?"

"खरी चौतीस. आई सांगते." ती थांबली आणि म्हणाली, "मी न्हाय लागले तं गावातली कोनी लागंल. ती पाड्यावर चढून यायची न्हाय. आठवड्यातून एकदा येईल न् पोरांना घरी धाडंल. आमी बघितलंय ते."

तिनं दाखला काढून दिला. जन्मतारीख सतरा मार्च. दाखला नंतरच्या गुरुजींच्या हातचा होता, पण तारीख माझी.

"तारीख बदलायची म्हनून शिक्षनाच्या कचेरीत गेले व्हते," ती म्हणाली. "तिथला सायब चांगला हाय. तो बोलला, 'बाई, एक जून असती तर मी समजलो असतो, गुरुजींनी अंदाजानं टाकलीय. ही सतरा मार्च हाय. ही कोनीतरी विचारून लिहिलीय.'"

मी दाखला हातात धरून बसलो. त्या अधिकाऱ्याचं चुकलं नव्हतं. मी ती तारीख अशी केली होती की कुणालाही ती खरीच वाटावी. आधीच्या गुरुजींचा एक जून तिच्या वाट्याला आला असता तर तिला सुटायला वाट होती. ती वाट माझ्या हुशारीनं बुजवली होती.

"तुमी विचारून लिहिली व्हती का, गुरुजी?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "एसटीच्या तिकिटावरून लिहिली."

तिनं दाखल्यावरच्या तारखेकडे पाहिलं. मग तिला हसू आलं, आणि ते तिनं पदरानं दाबलं. "म्हंजे माजा जल्म एसटीत झाला."

मला हसता आलं नाही. "तू जा," मी म्हटलं, "मी रविवारी पाड्यावर येतो."

ती गेल्यावर गणिताचे सर माझ्याकडे वळले. शेजारच्या टेबलावर वह्या तपासत ते सगळं ऐकत होते. पंधरा वर्षांचे सोबती, मनाचे चांगले. म्हणाले, "सर, इसमें क्या है? एक कागद लिहून द्या. 'नजरचुकीने चुकीची तारीख नोंदली गेली.' खतम."

नजरचूक हा कचेरीतला फार सोयीचा शब्द आहे. वहीत उतरवताना ओळ सरकली, सातच्या जागी एक पडला, असं काहीही त्यात बसतं, आणि दोष कुणाचाच राहत नाही. पण नजरचूक म्हणायची तर बरोबर तारीख कुठेतरी आधी असायला हवी, जी बघताना नजर चुकली. तशी तारीख माझ्यासमोर कधीच नव्हती.

"नजरचूक नव्हती ना पण," मी म्हणालो.

"अहो, निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची? चौकशी लागली तर? आणि एक नोंद खोटी म्हटली की तुमच्या सगळ्याच नोंदी उघड्या पडतील. बाकीच्यांचं काय?"

हा प्रश्न मला रविवारपर्यंत पुरला. त्या रजिस्टरात माझ्या हातच्या किती नोंदी होत्या ते मला नक्की आठवत नव्हतं. त्यातली काही पोरं त्याच तारखांवर नोकरीला लागली असतील, कुणाची लग्नं त्या वयावर झाली असतील. माझ्या एका कबुलीनं त्यांच्या पायाखालची जमीन हलू नये, असं मला वाटत होतं. त्या वाटण्यात स्वतःला वाचवण्याचा भाग किती होता, ते मी तपासून पाहिलं. बराच होता.

रविवारी मी वज्रेश्वरीची एसटी पकडली. ती बाई मला नाक्यावर घ्यायला आली होती. शाळेच्या मुख्याध्यापिका, वयानं माझ्या मुलीएवढ्या, खास सुट्टीच्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. पुठ्ठा सुटला होता. पानं उलटताना माझं अक्षर दिसायला लागलं, आणि ते अजूनही छान दिसत होतं.

दोघी बहिणींच्या नोंदी एकाखाली एक होत्या. मी बोट ठेवून वाचल्या. मुख्याध्यापिकांनीही वाचल्या. मग त्या म्हणाल्या, "सर, थोरलीची नऊ ऑक्टोबर. धाकटीची लगेच पुढच्या वर्षीची सतरा मार्च."

"हो."

"आई एकच ना? पाच महिन्यांत दुसरं मूल?"

इतकी वर्षं ते पान तसंच होतं. तपासणीला आलेल्या कितीतरी जणांनी ते उलटलं असेल. तारखा दिसायला इतक्या साळसूद होत्या की दोन ओळी जोडून वाचायची गरजच कुणाला वाटली नाही. मला स्वतःलाही वाटली नव्हती. मी आकडे पसरत गेलो होतो, आणि त्या आकड्यांच्या मागे एक बाई आहे, तिचं एक पोट आहे, हे लिहिताना डोक्यात आलंच नव्हतं.

तिथून आम्ही तिच्या आईकडे गेलो. म्हातारी अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"बस गुरुजी. म्हातारा झालास."

"झालो," मी म्हटलं. आणि मग उगाच प्रस्तावना न करता सांगून टाकलं. "मी तुमच्या मुलींच्या जन्मतारखा मनानं लिहिल्या. तुम्हाला विचारलं नाही. लिहिलं मात्र असं की विचारून लिहिल्या."

"का न्हाय इचारला?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक नसेल."

तिनं सूप थांबवलं. "माज्या पोटची पोर न् मना ठाऊक नसंल?"

मुलगी म्हणाली, "आये, सांग त्यांना." पण आईला सांगायला कुणाची गरज नव्हती.

"वजरेसरीची जत्रा. पालखी निंगाली त्या दिशी. मी करवंदा घेऊन बसलेली गरम पान्याच्या कुंडांपाशी. दुपारी कला आल्या. तिथंच बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. ही झाली तवा पालखीची वाजंत्री वाजत व्हती. सगल्या पाड्याला ठाऊक हाय. इचार कोनाला बी."

"आणि साल?"

"शालेवर पत्रे चढवले तो उन्हाला. हिचा बाप पत्रे चढवायलाच गेलेला, म्हनून तं जत्रेला मी एकली व्हते."

मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत होत्या. शाळेच्या दाराशी भिंतीत एक दगडी फलक बसवलेला आहे. इमारत पूर्ण झाल्याचं साल त्यावर कोरलेलं आहे. सहा वर्षं मी रोज त्या फलकाखालून आत गेलो होतो. वज्रेश्वरीची जत्रा चैत्र अमावास्येची असते आणि पालखी दुसऱ्या दिवशी निघते, हे तर भिवंडीतलं पोरही सांगेल. साल आणि तिथी दोन्ही हातात आल्यावर इंग्रजी तारीख काढायला मुख्याध्यापिकांना मोबाईलवर दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी पाड्यावर सहा वर्षं नोकरी केली. या लोकांना तारखा माहीत नसतात हे मी गृहीत धरलं होतं. त्यांच्याकडे तारखा होत्या, फक्त त्या कॅलेंडरच्या चौकोनात बसवून द्यायला एक शिकलेला माणूस लागणार होता. त्याचसाठी मला तिथे नेमलं होतं. दहा घरं फिरून एकेक प्रश्न विचारला असता तर एका आठवड्याचं काम होतं. मी ते केलं नाही, आणि केलं असं सही करून सांगितलं. माझ्या आयुष्यात याहून मोठ्या चुका असतील, पण इतक्या सुवाच्य अक्षरातली दुसरी नाही.

निघताना अंगणात पाच-सहा माणसं जमली होती. त्यातल्या एकानं, तोही माझाच विद्यार्थी, विचारलं, "गुरुजी, मंग माजी तारीख पन खोटी का?"

"माझ्या हातची असेल तर खोटी," मी म्हणालो. "तुला ती बदलायची नसेल तर मी होऊन काही करणार नाही. बदलायची असेल तर मी लिहून देईन. कधीही ये."

तो जरा विचारात पडला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "त्या तारखेला पोरं केक आनतात."

पुढचे दिवस कागदांचे गेले. उशिरा जन्मनोंदणीसाठी तिच्या आईचा आणि त्या दिवशी कुंडांपाशी असलेल्या दोन बायकांचा जबाब झाला. आदेश निघाला. पण शाळेच्या रजिस्टरातली नोंद बदलायला कचेरीतल्या त्याच अधिकाऱ्याची मंजुरी लागणार होती, आणि त्यासाठी मूळ नोंद करणाऱ्याचं लेखी निवेदन. अर्जाची मुदत एकदा वाढली होती, ती संपायला चार दिवस उरले होते.

निवेदन मी घरी बसून लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'त्या काळची परिस्थिती' असे शब्द आले, ते खोडले. दुसऱ्यात 'वरिष्ठांच्या सूचनेनुसार' आलं. तेही खोडलं, कारण त्या विस्तार अधिकाऱ्यांनी मला तारखा रचायला सांगितलं नव्हतं. शेवटी सात ओळी उरल्या. या दोन बहिणींच्या जन्मतारखा मी पालकांना न विचारता स्वतःच्या मनानं लिहिल्या. त्या खऱ्या वाटाव्यात म्हणून वेगवेगळ्या लिहिल्या. धाकटीचं वय प्रवेशासाठी वाढवलं. त्याखाली पडताळले असं लिहून सही केली. ते खरं नव्हतं. दोन नोंदींत पाच महिन्यांचं अंतर आहे, ते पाहावं. आईनं सांगितलेली तारीख बरोबर आहे अशी माझी खात्री आहे.

पत्नीनं वाचलं. म्हणाली, "एवढं उघडं?" मी म्हटलं, "झाकून लिहिलेलं त्यांच्याकडे आहेच की." सकाळी तिनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

अधिकारी पन्नाशीच्या आतले, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारे. पाड्यावरून आलेली ती आणि मी कचेरीत त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी निवेदन वाचलं, रजिस्टरची प्रत पाहिली, पुन्हा निवेदन वाचलं.

"सर, तुम्ही काय लिहून देताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मी 'नजरचुकीने' एवढं घालून घेऊ शकतो. मला तेवढं पुरेल."

माझ्या शेजारी ती बसली होती. तिला हा शब्द चालला असता. तिला फक्त तारीख हवी होती, माझ्या प्रायश्चित्ताशी तिचं काही काम नव्हतं, आणि मुदत तीन दिवसांवर होती. मी तिच्याकडे वळून विचारलं, "तुझं काम कशानं लवकर होईल?"

तिच्या आधी अधिकारीच बोलले. "काम दोन्हीनं होईल. हा पाच महिन्यांचा हिशेब मी नाकारू शकत नाही, आणि जन्मनोंदणीचा आदेश आहेच. फरक तुम्हाला पडेल."

"मग आहे तसंच राहू द्या," मी म्हणालो.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "उगा आंगावर घेऊ नका."

"अंगावरचंच आहे ते."

अधिकाऱ्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि सही केली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी लाल शाईनं सतरा मार्चवर रेघ मारली, वर नवी तारीख लिहिली, बाजूला आदेशाचा क्रमांक घातला आणि सुधारित दाखला दिला. मुदतीच्या आदल्या दिवशी तिचा अर्ज दाखल झाला. महिन्याभरानं यादी लागली. पाड्यासाठी तिचं नाव होतं. तिनं फोन केला तेव्हा मागे इतका गलका होता की तिचे निम्मे शब्द ऐकूच आले नाहीत. "लागले गुरुजी, लागले," एवढं कळलं.

नववीच्या त्या वर्गातही मी परत गेलो. खिडकीजवळच्या मुलीला म्हणालो, "तुझा प्रश्न राहिला होता. व्हेरिफाय करताना खोटं निघालं, तर खोटं आहे असं लिहायचं. तेही व्हेरिफायच." तिनं वहीत लिहून घेतलं. पहिल्या बाकावरच्यानं विचारलं, "सर, परीक्षेला है क्या?" मी म्हटलं, "नाही." त्यानं पेन खाली ठेवलं.

गेल्या सोमवारी मला पत्र आलं. शाळेमार्फत, बंद पाकिटात. 'आपण पूर्वीच्या सेवेत केलेल्या सदर नोंदी कोणत्या आधारे केल्या, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.' गणिताच्या सरांनी ते वाचून घडी करून परत दिलं. मग म्हणाले, "मी बोललो होतो. आता तरी नीट सांभाळून लिहा. दोन पानं लिहा, अनुभव लिहा, पाड्यावर कसे दिवस काढले ते लिहा."

पाड्यावर मी वाईट दिवस काढले नव्हते. मुलं माझ्यावर प्रेम करायची, मी त्यांना वाचायला शिकवलं, आणि त्यातली एक आता अंगणवाडी चालवते. ते सगळं खरं आहे, पण त्यांनी विचारलेलं ते नाही. त्यांनी आधार विचारला आहे. मी कोरा कागद घेतला, विषय लिहिला, संदर्भ लिहिला आणि खाली एक ओळ लिहिली: 'सदर नोंदी कोणत्याही आधाराशिवाय केल्या.' सही करून पाकीट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं आणि आठवीच्या तासाला गेलो.